विहीर, वाट आणि नोकरी

धाटावच्या कारखान्यात माझी ओळख एका शब्दात करून दिली जाते: लँडलूजर. ज्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्या बदल्यात ज्याला नोकरी मिळाली, तो लँडलूजर. हा शब्द कुणी शिवी म्हणून वापरत नाही आणि कौतुकानंही वापरत नाही. नवा सुपरवायझर आला की जुना त्याला बाजूला घेऊन सांगतो, हा लँडलूजर आहे, याच्याशी जपून. म्हणजे याला सहजासहजी काढता येत नाही. मला स्वतःहून निघता येतं का, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.

जमीन माझी नव्हती. आजोबांनंतर ती माझे वडील आणि दोन काका अशा तिघांच्या नावावर लागली होती. रोह्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. पावसाळ्यात भात, आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. सातबारा एक, म्हणून नोकरी एक. नाव कुणाचं द्यायचं यावर घरात वाद झाला नाही, कारण वाद घालण्याइतकी नावंच नव्हती. थोरल्या काकांचा मुलगा शाळेत होता. धाकट्या काकांना दोन मुली. मुलीचं नाव देता येतं हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. उरलो मी. मी पेणला एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. वडिलांनी फोन केला आणि सांगितलं, तुझं नाव दिलंय, मेडिकलला ये. नंतर काही वर्षांनी वडील गेले. त्या फोनबद्दल आमचं कधीच बोलणं झालं नाही.

पेणचं ते कार्यालय गणपतीच्या एका कारखान्याच्या वर होतं. खाली मूर्ती वाळत असत आणि वर आम्ही बातम्या कापत असू. संपादकांचा एक नियम होता: पाहिलेलं ठेवा, पाहणारा काढा. कुणी वार्ताहर लिहून पाठवी, "मी घटनास्थळी पोहोचलो तेव्हा," की ते वाक्य लाल शाईनं जाई. मी हे काम चांगलं शिकलो. इतकं, की घरी पत्र लिहितानाही मला "मी" हा शब्द जड जाऊ लागला. ही शिस्त मला फार आवडत होती. तिथे मी काय लिहितो यावर मी कोण हे ठरत होतं, आणि जे लिहीत होतो त्यात मी नव्हतो. आज मागे पाहता त्या वयात मला याहून वेगळं काही नको होतं.

धाटावला मी रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर झालो. ठरावीक वेळानं तापमान पाहायचं, दाब पाहायचा, लॉगशीटवर लिहायचं. इथेही पाहणारा काढून टाकलेला असतो. "बॅच थंड केली. नमुना लॅबला दिला." कुणी केली, कुणी दिला, ते खालच्या सहीवरून समजून घ्यायचं. आमच्या प्लांटमध्ये जो माल बनतो त्यानं घाम पिवळा होतो. कितीही धुतली तरी बनियन पिवळी राहते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोनं उशांचे पांढरे अभ्रे काढून ठेवले आणि बाजारातून पिवळे आणले. रोह्याच्या बाजारात दुकानदार कॉलरकडे पाहून विचारतात, कुठल्या शिफ्टला.

घरी माझ्या नोकरीला कुणी "तुझी" म्हणत नाही. "आपली नोकरी" म्हणतात. थोरले काका नाक्यावरच्या टपरीवर बसून सांगतात, "आपली नोकरी हाय कंपनीत." नवख्या माणसाला वाटतं काकाच कामाला जातात. चुलत भावाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना हेच सांगितलं गेलं: घरात एक परमनंट आहे. भाऊ स्वतः मिनिडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवतो, रोहा ते धाटाव, कधी कोलाडपर्यंत. त्याच्या गाडीबद्दल त्यांनी दोन प्रश्न विचारले, माझ्या नोकरीबद्दल पुष्कळ. मी तिथे पोह्यांची बशी हातात घेऊन बसलो होतो. नवरदेव मी असल्यासारखा.

अशी बरीच वर्षं गेली. मग या हिवाळ्यात संपादकांचा फोन आला.

ते आता थकले आहेत. पेणच्या कार्यालयात जिल्ह्याचं पान सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. तरुण मुलं येतात आणि सहा महिन्यांत मुंबईला जातात, असं ते म्हणाले. पगार कारखान्यापेक्षा कमी, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग म्हणाले, "तू अजून वाक्य कापू शकतोस ना?" मी म्हणालो, रोज मनातल्या मनात कापतो. ते म्हणाले, शिमग्याच्या आत सांग.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती पेणची आहे. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिची हरकत नाही, पण हे तिला एकटीला विचारून चालणार नाही. ते मलाही माहीत होतं. नोकरी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नाव एकदाच देता येतं. मी सोडली की ती कुणाची राहत नाही, तिथेच संपते. म्हणजे मी राजीनामा दिला तर तिघांच्या जमिनीचं जे उरलं होतं तेही जाणार होतं. तेव्हा तिन्ही घरांची संमती घ्यायची असं मी ठरवलं.

ती कशी घ्यायची, यात माझी चूक झाली. ती चूक वर्तमानपत्रातली होती.

एखाद्या प्रश्नावर बातमी करायची असेल तर आम्ही प्रतिक्रिया घ्यायचो. प्रत्येकाला वेगळं गाठायचं, कारण चारचौघांत माणूस खरं बोलत नाही. बाजूची माणसं आधी, आणि ज्याचं म्हणणं सर्वांत महत्त्वाचं तो शेवटी. तोपर्यंत बाकीच्यांचं म्हणणं आपल्या हातात असतं, आणि त्याला उडवाउडवी करता येत नाही. मी तसंच केलं. आधी धाकट्या काकांना परसात गाठलं. ते आंब्याच्या बुंध्याला चुना लावत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुजं तू बघ बाबा. शिकलेला हायस." मग थोरल्या काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, आम्हाला बायांना काय कळतंय त्यातलं, आणि चहा टाकला. चुलत भावाला स्टँडवर भेटलो. तो पान खात होता. त्यानं हातानंच खूण केली, नंतर बोलू. आईला मी अर्थातच सांगितलं होतं. ती म्हणाली, मोठ्या भावजींना विचार. कुणीही नको म्हणालं नव्हतं. बातमीत मी याला "सर्वसाधारण अनुकूलता" असं लिहिलं असतं.

थोरल्या काकांना सांगायला मी पोपटीची संध्याकाळ निवडली. आमच्याकडे वालाच्या शेंगा भरल्या की घरोघरी पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. पूर्वी शेंगा शेतावरच्या असत. आता शेजारच्या गावातून विकत आणतो. तिन्ही घरांच्या चुली वेगळ्या आहेत, पण पोपटी अजून एक लागते, पुढच्या खळ्यात.

जाळ माझ्याकडे होता. धाकट्या काकू म्हणाल्या, "पेपरवाल्या, पेंढा टाक रे, नायतर बातमी कच्ची राहील." सगळे हसले. मला बरं वाटलं. "पेपरवाला" हे नाव मला कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं. त्या एका शब्दावरून मी धरून चाललो की त्यांचं मत माझ्या बाजूचं आहे. त्या नावामागे त्यांच्यात आठवडाभर झालेली चर्चा होती, हे मला नंतर समजलं.

काकांनी मडकं जाळातून काढलं, तोंडावरचा पाला ओढला. शेंगा केळीच्या पानावर ओतल्या, पोरांना वाटल्या. त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे तळहातावर ठेवले. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच विचारलं, पहिला कुणाकडं गेला होतास?

मी म्हणालो, धाकट्या काकांकडे.

"मंग हिच्याकडं. मंग माज्या पोराकडं. माज्याकडं आज."

मी म्हणालो, तुम्ही मोठे म्हणून तुमच्याकडे शेवटी. हे खरं होतं, पण ज्या अर्थानं खरं होतं तो अर्थ त्या खळ्यात कुणालाही ठाऊक नव्हता.

"वाटणी मागणारा असाच फिरतो," काका म्हणाले. "एकेकाला परसात गाठतो. आमच्या चुलत्यानं असंच केलंन. शेवटी आमच्या बापाकडं आला, तवा सगला गाव फुटलेला."

आई म्हणाली की वाटणीचं कुणी नावही काढलेलं नाही. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आवाजही चढवला नाही. ते मला समजावून सांगत असल्यासारखे म्हणाले, "जमीन गेली, तिच्या जागी नोकरी आली. बरोबर? म्हंजे तुज्या अंगावर हाय ते आपलं शेत हाय. शेतानं कदी इचारलं काय रं, मी जाऊ का म्हणून?"

कुणी उठून गेलं नाही, शेंगा संपेपर्यंत सगळे बसले. धाकट्या काकूंनी मला कोंबडीचा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, खा, गार होईल. मी त्याच वेळी सांगितलं की माझा विचार होता एवढंच, ठरलेलं काही नाही. काका म्हणाले, "इचारलंस म्हंजे ठरवलंस. आता वाटणी करूनच टाकू. मनात ठेवून कशाला राहायचं."

मला राजीनाम्यासाठी संमती हवी होती. मिळाली वाटणी, जी मी मागितलीच नव्हती. मी प्रत्येकाकडे पुन्हा जाऊन खुलासा करू शकलो असतो, पण पुन्हा एकेकाकडे जाणं हाच त्यांच्या लेखी पुरावा होता.

वाटणी शांतपणे झाली. गावातले दोन म्हातारे पंच म्हणून आले, त्यांना खुर्च्या दिल्या, बाकीचे ओट्यावर बसले. घराच्या खोल्या कुणाच्या हे वापरानं आधीच ठरलेलं होतं. परसातले आंबे, गोठा, डोंगराकडची नाचणीची वरकस जमीन, एवढंच मोजायचं होतं. भाऊ टेपचं एक टोक धरून पुढे जात होता, दुसरं टोक माझ्या हातात. मी नुसता धरून उभा होतो. जिथे उभा असेन तिथून कुणाचा तरी भाग सुरू होत होता.

दुपारपर्यंत संपलं. शेवटी ज्या गोष्टी कापता येत नाहीत त्या राहिल्या. विहीर सामाईक, असं एक पंच म्हणाले. विहिरीकडे जाणारी वाट सामाईक. थोरले काका आणि धाकटे काका दोघांनी मान हलवली. मग दुसरे पंच म्हणाले, आणि ती नोकरी?

एक कोंबडी खळ्यातून गेली. धाकटे काका म्हणाले, "ती कापायची कशी? ती बी विहिरीवानी."

पंच म्हणाले, हे कागदावर येणार नाही. थोरले काका म्हणाले, कागद कुणाला पायजे, सगळे बसलेत की इथं. तेव्हा विहीर आणि वाट कागदावर गेली आणि नोकरी तोंडी राहिली. आमच्याकडे तोंडी राहिलेलं जास्त टिकतं, कारण ते खोडता येत नाही. मी टेप गुंडाळत होतो. मला कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. मला त्या क्षणी राग आला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला एवढंच जाणवलं की इतकी वर्षं मला जे नाव नव्हतं ते आता मिळालं आहे, 'सामाईक', आणि ते अचूक आहे.

त्यानंतर एका सकाळी फर्स्ट शिफ्टला माझी कंपनीची बस चुकली. भावानं मिनिडोर थांबवली. मागे दुसरे कामगार होते, मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. अष्टमीच्या पुलावर ट्रक अडकला होता. खाली कुंडलिकेला भरती होती. इंजिन बंद करून तो म्हणाला, "दादा, तू राजीनामा टाक."

मी म्हणालो, वाटणीत जे ठरलं ते तू ऐकलंस ना.

"ऐकलं. चार दिस बोंबलतील. आमचा म्हातारा आठ दिस. मी हाय ना, मी बघतो त्यांना." तो हे गंभीरपणे सांगत होता. त्यानं सगळा विचार केलेला दिसत होता: त्याची गाडी चालते, त्याच्या बायकोनं अंगणवाडीसाठी अर्ज दिला आहे, आणि म्हातारी माणसं कंपनीच्या जिवावर जगत नाहीत, ती फक्त तसं सांगतात. "टपरीवर सांगायला काय तरी लागतं. मंग सांगतील, आमचा पोरगा पेपरात हाय."

ट्रक हलला. त्यानं गाडी चालू केली, गियर टाकला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाला, "तुला जायचं नाय, दादा. तुला नुसतं इचारायचं व्हतं."

धाटावला मागचा एक जण म्हणाला, गेट आलं, थांबव. मी उतरलो, पंचिंग केलं, आत गेलो.

त्या शिफ्टमध्ये बॅच लागलेली होती आणि काम फारसं नव्हतं. भावाचं वाक्य मी बातमीसारखं तपासलं. त्याच्या बाजूनं काय आहे? फोन आल्यावर मी थेट होकार देऊ शकलो असतो. दिला नाही. ज्यांचं उत्तर मला आधीच माहीत होतं त्यांच्याकडे मी गेलो. ज्याचं उत्तर सर्वांत अवघड त्याला शेवटी ठेवलं, तेवढेच दिवस जास्त मिळाले. आणि आता एक माणूस दार उघडून उभा होता, तर मी पंचिंग केलं. विरुद्ध बाजूनं काय आहे? मी इतकी वर्षं रोज मनातल्या मनात वाक्यं कापली. पेणची गाडी स्टेशनात लागलेली दिसली की मी अजूनही डब्यांकडे पाहतो. पण हे काही करणं नव्हे. वर्तमानपत्रात अशा गोष्टींना जागा मिळत नाही. कुणाला काय वाटत होतं हे आम्ही छापत नसू, काय घडलं ते छापत असू.

मी स्वतःला नेहमी घरात अडकलेला माणूस समजत आलो. ते चूक नव्हतं. शेताच्या जागी माणूस ठेवला होता आणि तो मी होतो. पण त्या माणसाला बाहेर काढलं तर तो कोण, हे मी पेणहून आल्यापासून पाहिलेलं नव्हतं. तिथला उपसंपादक तेव्हा पंचविशीच्या आत होता. पाहणारा काढून टाकणं एवढंच त्याला येत होतं. आता त्याच्या जागी पुन्हा जाऊन बसायचं म्हणजे कुणी बसायचं? कदाचित ही पळवाट असेल. घाबरलेला माणूसही असंच बोलेल. या दोहोंत फरक कसा करायचा ते मला माहीत नाही, आणि विचारायला कुणाकडे जावं असंही आता वाटत नाही.

शिमगा आठ दिवसांवर असताना मी संपादकांना फोन केला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, घरगुती.

मग ते म्हणाले, "घरगुती कारण. हे तू छापलं असतंस?"

मी म्हणालो, नाही. वार्ताहराला परत पाठवून नीट विचारून यायला सांगितलं असतं.

"मग?"

मी म्हणालो, वार्ताहर परत आला, साहेब. एवढंच मिळालं. ते हसले, पण फार नाही. कुणी चांगला मुलगा नजरेत असला तर कळव, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलेलं, आता तरी जाल." तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

वाटणीनंतर विहिरीवर पाळ्या लागल्या. पंप एकच असल्यानं एक दिवस थोरल्या घराचा, एक धाकट्यांचा, एक आमचा. महिनाभरानं थोरल्या काकांनी माझं शिफ्टचं वेळापत्रक मागवलं. माझी सुट्टी गुरुवारी असते. पहिल्या गुरुवारी त्यांना डोळे दाखवायला अलिबागला घेऊन गेलो. दुसऱ्या गुरुवारी धाकट्या काकांच्या मुलीच्या कॉलेजात दाखल्यासाठी उभा राहिलो. तिथल्या क्लार्कनं विचारलं, तुम्ही मुलीचे कोण, तर सोबत आलेले धाकटे काका माझ्याआधी म्हणाले, घरचे. माझ्या गुरुवारांची पाळी लावायची असं कुणी ठरवलं नव्हतं. ती लागली, आणि सगळ्यांना ती सोयीची वाटली. माझ्या आवाजात कधी कुणाला नाराजी ऐकू आली नसेल, कारण ती नसते. कुणाच्या घरी किती वेळ गेला याचा हिशेबही कुणी काढत नाही. भाऊ मात्र माझ्याशी कमी बोलतो. गाडी थांबवतो, पुढे बसवतो, आणि रेडिओ लावतो.

तिसरा गुरुवार आमच्या घराचा. त्या दिवशी आई देवळात जाते, बायको पेणला माहेरी जाऊन येते. कुणी मला कशालाही बोलवत नाही. मी सकाळी लवकर उठतो, आंघोळ करतो, धुतलेली पिवळी बनियन घालतो आणि ओट्यावर बसतो. दिवस पूर्ण माझा असतो. दुपारी जेवायच्या वेळेला मी अजून तिथेच असतो.